रोजच्या प्रॅक्टिसने खेळाडूच्या मेंदूत नक्की काय बदलतं, आणि काय बदलत नाही

ताशी 140 किलोमीटरने टाकलेला बॉल बॉलरच्या हातातून सुटून बॅट्समनपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्यातले जवळपास 0.2 सेकंद फक्त 'काहीतरी बदललंय' हे डोळ्यांना दिसून हाताला हालचाल सुरू करायला जातात, हे माणसाच्या शरीराचं बंधन आहे, ते तुम्हालाही आहे आणि टेस्ट खेळणाऱ्यालाही. मग उरलेल्या वेळात बॉल कुठे पडणार, पुढे जायचं की मागे, सोडायचा की मारायचा हे ठरतं कसं?

यावर उत्तर म्हणून व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरत असतो की खेळाडूंचा मेंदू मोठा असतो, त्यांची नजर घारीसारखी असते, आणि लहानपणी खेळायला घातलं की मुलाचा मेंदू वाढतो. उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातीतही आता 'ब्रेन डेव्हलपमेंट' हा शब्द हमखास असतो. यात थोडं खरं आहे आणि बरंच फुगवलेलं. खरं काय ते जास्त मजेशीर आहे, म्हणून हा लेख.

आधी मेंदूची जुजबी ओळख

मेंदूचं वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पण एनर्जी खातो वीस टक्के, त्यामुळे उगाच खर्च करणं त्याला परवडत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आत साधारण 86 अब्ज चेतापेशी आहेत, न्यूरॉन म्हणतात ते. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक, म्हणजे जवळपास 69 अब्ज, डोक्याच्या मागच्या खालच्या बाजूला असलेल्या छोट्या मेंदूत असतात, आणि तोल सांभाळणं, हालचालीचं टायमिंग बसवणं हे त्याचं मुख्य काम.

दोन शब्द फक्त ध्यानात ठेवा. चेतापेशींची मुख्य शरीरं आणि त्यांचे एकमेकांशी होणारे सांधे जिथे असतात तो करडा भाग म्हणजे ग्रे मॅटर. आणि या पेशींपासून दूरवर संदेश नेणारे जे लांबलचक तंतू असतात त्यांचे जुडगे म्हणजे व्हाइट मॅटर, पांढरा भाग. तंतूंवर मायेलिन नावाचा चरबीचा थर असतो म्हणून तो पांढरा दिसतो. बास, एवढ्यावर काम भागेल.

तीन बॉल आणि तीन महिने

2004 पर्यंत बहुतेकांचं मत असं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूचा आकार ठरलेला असतो, वयाने घटेल पण प्रॅक्टिसने बदलायचा नाही. त्या वर्षी जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग युनिव्हर्सिटीतल्या टीमने एक साधा प्रयोग केला. 24 जण घेतले ज्यांना जगलिंग, म्हणजे तीन बॉल आळीपाळीने हवेत उडवत ठेवणं, अजिबात येत नव्हतं. निम्म्यांना सांगितलं तीन महिन्यांत शिका, किमान एक मिनिट न पाडता जमलं पाहिजे. निम्म्यांना काहीच सांगितलं नाही. आधी एमआरआय, शिकल्यावर एमआरआय, आणि मग तीन महिने बॉलला हात लावायचा नाही आणि परत एमआरआय.

शिकलेल्यांच्या मेंदूत काही ठिकाणी ग्रे मॅटर साधारण तीन टक्के वाढलेलं दिसलं. पण कुठे? आपल्याला वाटेल हात हलवायच्या भागात. तसं नाही. वाढ दिसली ती हलणाऱ्या वस्तूवर लक्ष ठेवणाऱ्या भागात. जगलिंगमध्ये अवघड काम हाताचं नाहीच, हवेतला बॉल कुठे येणार ते ओळखायचं आहे! आणि तीन महिने सोडून दिल्यावर ती वाढ बरीचशी ओसरली. न शिकलेल्यांच्यात काहीच बदल नव्हता.

2009 मध्ये ऑक्सफर्डच्या टीमने असाच प्रयोग सहा आठवड्यांचा केला आणि या वेळी व्हाइट मॅटर बघितलं, तर तिथेही बदल. आणि यात एक फार बोलकी गोष्ट दिसली, जगलिंग कुणाला छान जमलं कुणाला बेताचं जमलं, पण मेंदूतला बदल आणि कसब यांचा तसा संबंध लागला नाही, म्हणजे बदल यश मिळाल्याचा नव्हता, खटपट केल्याचा होता. ज्यांचे बॉल शेवटपर्यंत पडतच होते त्यांनी हे वाचून जरा बरं वाटून घ्यावं.

पण वाढलं म्हणजे वाढलं काय?

इथे बरेच लोक घसरतात. तीन टक्के वाढ म्हणजे तीन टक्के नवीन चेतापेशी आल्या असं नाही. या भागात मोठेपणी नवीन पेशी तयार होत असल्याचा पुरावा नाही. एमआरआयला तर एकेक पेशी दिसतच नाही, त्याच्या फोटोतल्या एका ठिपक्यात हजारो पेशी, रक्तवाहिन्या, मदतनीस पेशी असं सगळं एकत्र येतं, आणि त्यातलं काय फुगलं ते तो सांगू शकत नाही.

म्हणून उंदरांकडे जावं लागतं. उंदराला एका फटीतून पंजा घालून दाणा उचलायला शिकवला आणि तेव्हाच त्याच्या मेंदूतले सांधे मायक्रोस्कोपखाली पाहिले, असे प्रयोग 2009 मध्ये अमेरिकेत झाले. पहिल्या तासाभरातच पेशींच्या फांद्यांवर नवे बारीक कोंब फुटलेले दिसले, याच कोंबांवर दुसऱ्या पेशीशी सांधा जुळतो. मग पुढच्या दिवसांत दुसरीकडचे जुने कोंब गळत गेले आणि एकूण संख्या जवळपास पहिल्यासारखी झाली. पण जे नवे टिकले ते पुढे बरेच दिवस टिकले.

पुण्यातलं ढोलताशा पथक बघितलंय ना? गणपतीच्या दोन महिने आधी प्रॅक्टिस सुरू होते तेव्हा नवीन पोरंपोरी ढिगाने येतात, सगळ्यांच्या कमरेला ढोल, नुसता कल्लोळ. हळूहळू ज्यांचा हात ठेक्यात बसतो ते राहतात, बाकीचे गळतात, आणि मिरवणुकीला उभं राहतं ते पथक पहिल्या आठवड्यापेक्षा लहान असतं पण दणका डबल. मेंदू नवीन कौशल्य शिकताना साधारण हेच करतो. आधी भरमसाट भरती, मग छाटणी. स्कॅन तुम्ही भरतीच्या आठवड्यात काढला की मिरवणुकीच्या दिवशी यावर तुम्हाला 'वाढ' दिसेल का 'घट' ते ठरतं.

हे नुसतं मी म्हणतोय असं नाही. बर्लिनच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटने 15 उजखोऱ्या पुरुषांना सात आठवडे डाव्या हाताने लिहायला आणि चित्रं काढायला लावली आणि मधेमधे स्कॅन काढत राहिले, एकेकाचे अठरापर्यंत! पहिले चार आठवडे हाताच्या भागातलं ग्रे मॅटर वाढत गेलं आणि मग परत खाली यायला लागलं, प्रॅक्टिस चालूच होती आणि लिहिणंही सुधारतच होतं तरी.

टायमिंग: कराटेवाल्यांचा पाच सेंटिमीटरचा ठोसा

पथकात नुसती निवड होऊन चालत नाही, शेवटच्या रांगेतल्याचा टोला पहिल्या रांगेबरोबर पडला पाहिजे. मेंदूत हे काम बरंचसं व्हाइट मॅटरचं. तंतूवर मायेलिनचा थर किती आणि कसा आहे त्यावर संदेश किती वेगाने जातो ते ठरतं, त्यामुळे वेगवेगळ्या अंतरावरून निघालेले संदेश एकाच क्षणी पोचवता येतात.

लंडनच्या इंपिरियल कॉलेजने 12 ब्लॅक बेल्ट आणि 12 नवखे घेतले, नवखे म्हणजे व्यायाम करणारेच, फक्त कराटे न शिकलेले. सगळ्यांना ठोसा मारायला सांगितला पण अट अशी की हात मागे न्यायचा नाही, फक्त पाच सेंटिमीटर अंतरावरून. ब्लॅक बेल्टवाल्यांचा ठोसा अर्थातच जड. पण फरक दंडाच्या ताकदीचा नव्हता. त्यांचा खांदा आणि मनगट दोन्ही जवळजवळ एकाच क्षणी टॉप स्पीडला येत होते, नवख्यांचं एक आधी एक नंतर. आणि ज्याचं हे टायमिंग जितकं चोख तितका त्याच्या छोट्या मेंदूकडून निघणाऱ्या तंतूंच्या रचनेत फरक दिसत होता, तोही शिकायला सुरुवात कितव्या वर्षी केली आणि किती वर्षं शिकला यांच्याशी जुळणारा.

मायेलिन खरंच लागतंच का? 2014 मध्ये लंडनमध्येच उंदरांना पळायचं चाक दिलं पण त्यातल्या काही दांड्या मधूनमधून काढून टाकलेल्या, म्हणजे पाय टाकायचा हिशोब नव्याने शिकायला हवा. ज्या उंदरांना नवीन मायेलिन बनवणाऱ्या पेशी तयार करता येणार नाहीत अशी सोय केली होती त्यांना हे चाक नीट जमेना. पण ज्यांनी आधीच शिकून घेतलं होतं त्यांचं नंतर काही बिघडलं नाही. म्हणजे नवं मायेलिन लागतं ते शिकताना.

मुरलेल्या खेळाडूत उलट 'कमी' का दिसतं?

आता फॉरवर्डवाल्यांना न आवडणारा भाग. झुरिकमध्ये बॅले नर्तकींचे मेंदू बघितले तर हालचालींचं नियोजन करणाऱ्या काही भागांत ग्रे मॅटर इतरांपेक्षा कमी निघालं. लंडनमध्ये 29 बॅले नर्तकी आणि 20 रोइंग करणाऱ्या, म्हणजे शर्यतीत होडी वल्हवणाऱ्या बायका, दोन्ही फिट, यांना अंधारात फिरत्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची थांबल्यावर किती वेळ गरगरतंय ते हँडल फिरवून सांगायला लावलं. नर्तकींचं गरगरणं लवकर थांबायचं. आणि छोट्या मेंदूतला जो भाग कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून माहिती घेतो तो नर्तकींमध्ये लहान निघाला. वर्षानुवर्षं गिरक्या घेणाऱ्याला 'तू फिरतोयस, तू फिरतोयस' हा संदेश नकोच असतो, तो तोल बिघडवतो, त्यामुळे मेंदूने तिथला आवाजच कमी करून टाकला असं संशोधकांचं म्हणणं.

ब्राझीलचा फुटबॉलर नेमार, त्याचं उदाहरण गाजलं होतं ते आठवत असेल. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी त्याला स्कॅनरमध्ये झोपवून फक्त पायाचा घोटा गोल फिरवायला सांगितला. सोबत तुलनेला स्पेनमधले तीन प्रोफेशनल फुटबॉलर, दोन स्विमर आणि एक हौशी फुटबॉलर. पाय चालवणारा मेंदूचा भाग सगळ्यात कमी कुणाचा पेटला? नेमारचा. इतकी कमी मेहनत त्याच्या मेंदूला त्या कामाची पडत होती. (हे मेंदूच्या रचनेबद्दल नाही, कामाबद्दल आहे, आणि एका माणसावरून नियम होत नाही, पण सुरुवातीला एनर्जीचं जे म्हटलं त्याच्याशी जुळतं.)

त्यामुळे 'खेळाडूचा मेंदू मोठा' हे वाक्यच मुळात चुकीचं आहे. काही भाग मोठे, काही लहान, आणि कुठला कसा हे खेळावर आणि खेळाडू कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर. दक्षिण कोरियात बास्केटबॉलवाल्यांच्या छोट्या मेंदूच्या मधल्या पट्ट्याचे काही भाग मोठे दिसले, चीनमध्ये डायव्हिंगवाल्यांच्यात दुसऱ्याच ठिकाणी मेंदूचं आवरण जाड दिसलं.

मग तो अर्धा सेकंद?

बॅट्समनकडे परत येऊ. 2000 मध्ये इंग्लंडमध्ये तीन वेगवेगळ्या दर्जाच्या बॅट्समनच्या डोक्याला छोटा कॅमेरा लावून त्यांची नजर कुठे जाते ते टिपलं. आपल्याला कोच सांगतात 'बॉलवर नजर ठेव', पण कुणीच शेवटपर्यंत बॉलकडे बघत नव्हतं. बॉल सुटताना बघायचं आणि मग नजर झटकन उडी मारून जिथे टप्पा पडणार तिथे आधीच जाऊन थांबायची, बॉल नंतर तिथे यायचा. चांगला बॅट्समन ही उडी लवकर मारायचा. आणि चांगल्या बॅट्समनला तर बॉल सुटायच्या आधीच बॉलरच्या मनगटावरून, दंडावरून अंदाज येतो, हेही ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसलंय.

यातला सगळ्यात भारी प्रयोग माझ्या मते रोममधला, 2008 चा, बास्केटबॉलवर. फ्री थ्रोचे, म्हणजे कुणी न अडवता रेषेवरून बास्केटवर टाकलेल्या बॉलचे व्हिडिओ दाखवायचे आणि मधेच कुठेतरी थांबवून विचारायचं, बास्केटमध्ये जाणार का बाहेर? एका बाजूला खेळाडू, दुसऱ्या बाजूला कोच आणि क्रीडा पत्रकार, म्हणजे हजारो मॅच बघितलेले पण स्वतः रोज बॉल न टाकणारे. खेळाडूंना बॉल हातातून सुटायच्या आधीच, नुसत्या अंगाच्या हालचालीवरून कळायला लागायचं. बाकीचे बॉल हवेत गेल्यावर त्याचा मार्ग बघून सांगायचे. आणि चुकलेल्या थ्रोचा व्हिडिओ बघताना, बॉल सुटायच्या त्या क्षणी, खेळाडूच्या स्वतःच्या करंगळीच्या स्नायूला जाणारा मेंदूचा संदेश जोर धरत होता, कारण बॉल भरकटतो तो शेवटी करंगळीच्या कोनावरून. हात मांडीवर ठेवून बसलेला माणूस, आणि त्याची करंगळी दुसऱ्याची चूक ओळखते.

ही सगळी तयारी किती त्या-त्या खेळापुरती असते ते बघायचं तर 2004 मधली अमेरिकेतली एक गंमत बघा. सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, जेनी फिंच हिने बेसबॉलमधला नावाजलेला हिटर अल्बर्ट पुहोल्स याला एका प्रदर्शनी सामन्यात सरळ आउट केला, त्याची बॅट बॉलला लागलीच नाही. सॉफ्टबॉलचा बॉल बेसबॉलपेक्षा मोठा, तरी. कारण त्याच्या मेंदूला सवय खांद्यावरून येणाऱ्या बॉलची आणि फिंच टाकते कमरेखालून, म्हणजे त्याला ओळखीचा असा एकही इशारा तिच्या हालचालीत नव्हता.

'अहो पण हे उपजतच असेल तर?'

रास्त शंका. चांगल्या खेळाडूंचा मेंदू आधीपासून वेगळा म्हणून ते खेळात टिकले, असंही असू शकतं. फक्त खेळाडू आणि बिगरखेळाडू शेजारी ठेवून स्कॅन केले तर कोंबडी आधी का अंडं हे सुटत नाही, आणि वर दिलेले कराटे, बॅले, बास्केटबॉलचे अभ्यास याच जातीचे आहेत.

म्हणून जगलिंगसारखे आधी-नंतरचे अभ्यास महत्त्वाचे. गोल्फवरही असा झालाय, चाळीस ते साठ वयाच्या नवख्यांना 40 तास गोल्फची प्रॅक्टिस करायला दिली आणि त्यांच्याही ग्रे मॅटरमध्ये वाढ दिसली. खेळाबाहेरचं उदाहरण म्हणजे लंडनचे टॅक्सीवाले, त्यांना शहरातले साधारण 25,000 रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. 79 उमेदवारांचे मेंदू सुरुवातीला बघितले तेव्हा काही फरक नव्हता. काही वर्षांनी जे 39 जण पास झाले त्यांच्याच हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा वाढलेला दिसला. स्वीडनमध्ये जुळी भावंडं घेतली, एकाने पियानो वाजवलेला दुसऱ्याने नाही, जनुकं तीच, तरी मेंदूत फरक. तेव्हा प्रॅक्टिसने बदल होतो हे खरं. पण कुणाचा किती पटकन होतो यात उपजत भाग असणारच, आणि तो नाकारणाऱ्या मोटिव्हेशनल स्पीकरांचं मी फारसं ऐकत नाही.

या स्कॅनवर विश्वास किती ठेवायचा

डोळे झाकून नाही. बऱ्याच अभ्यासांत माणसं दहा-बारा, स्कॅनरमध्ये डोकं जरा हललं तरी आकडे बदलतात, आणि मेंदूत हजारो ठिकाणी शोधलं की कुठेतरी योगायोगाने फरक सापडतोच. 2013 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा बऱ्याच अभ्यासांची चिरफाड करून पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असं मांडलं होतं. म्हणून एका स्कॅनच्या रंगीत फोटोपेक्षा माणसं, उंदीर, वेगवेगळ्या लॅब यांचं एकाच दिशेला बोट दिसतंय का ते बघायचं. मोठेपणीही मेंदू सरावाने बदलतो, एवढ्याबाबत ते दिसतं.

पोराला क्रिकेटला घातलं तर गणित सुधारेल का?

बदल ज्या कामाची प्रॅक्टिस केली त्या कामापुरता होतो. कव्हर ड्राइव्ह घोटून बीजगणित येत नाही. आणि डोळे बांधून रंग ओळखायला शिकवणारे जे 'मिडब्रेन'वाले क्लास मधे गावोगावी निघाले होते त्यांचा आणि या विज्ञानाचा काडीचा संबंध नाही, तिथे पोरं नाकाजवळच्या फटीतून बघतात, बास.

मात्र नुसत्या घामाचा फायदा वेगळा आहे आणि तो खरा आहे. 2011 मध्ये अमेरिकेत 120 वयस्कर लोकांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, निम्म्यांना 40 मिनिटं भरभर चालायला आणि निम्म्यांना स्ट्रेचिंग करायला लावलं. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण दोन टक्के वाढला, स्ट्रेचिंगवाल्यांचा वयाप्रमाणे थोडा घटला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतकं स्वच्छ उत्तर आलं नाही, तरी चालायला पैसे पडत नाहीत.

वयाचं म्हणाल तर हँबुर्गमध्ये साठीच्या लोकांनाही जगलिंग शिकवलं. मिनिटभर जमलं फार तर चारातल्या एकाला, पण वाढ त्यांच्याही मेंदूत तरुणांसारख्याच जागी दिसली.

आणि डोक्याला लागतं त्याचं काय

खेळाने होणारे बदल सगळे चांगले नसतात, आणि हे बोलल्याशिवाय लेख संपवणं बरोबर नाही. बॉक्सरांना पुढे जाऊन होणाऱ्या मेंदूच्या आजाराबद्दल डॉक्टरांनी 1928 मध्येच लिहून ठेवलंय. फुटबॉलमध्ये हेडिंगने, म्हणजे डोक्याने बॉल मारताना, वारंवार बसणारे छोटे धक्के हा अलीकडचा विषय. 2019 मध्ये स्कॉटलंडमधल्या 7,676 माजी प्रोफेशनल फुटबॉलरांची माहिती तपासली, तर मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट. हृदयविकाराने जाण्याचं प्रमाण मात्र कमी, तो खेळण्याचा फायदा. पुढे जागेनुसार पाहिलं तेव्हा अशा आजारांचा धोका डिफेंडरांना सगळ्यात जास्त आणि गोलकीपरांना जवळपास सामान्य माणसाइतका निघाला, आणि गोलकीपर हेडिंग क्वचितच करतो. 2020 मध्ये स्कॉटलंडने बारा वर्षांखालच्या मुलांच्या ट्रेनिंगमधून हेडिंग काढून टाकलं. क्रिकेटमध्ये 2019 पासून डोक्याला लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घ्यायची सोय आहे.

आपल्याकडे शाळेच्या आणि टेनिस बॉलच्या मॅचला यातलं काही पोचलेलं नाही. डोक्याला बॉल लागला की पाणी मारायचं, 'काय नाय झालं रे' म्हणायचं आणि दोन ओव्हरनी परत उभं करायचं. चक्कर, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, एकच प्रश्न परत परत विचारणं यातलं काहीही असेल तर त्या दिवशी त्याला परत मैदानात सोडू नका आणि डॉक्टरला दाखवा, मॅच फायनल असली तरी.